किंडल: सी प्रोग्राममधून लिपक लायब्ररी थेट वापरताना

जुन्या पेपरव्हाइटचं (ॲमेझॉनच्या किंडल ई-रीडरचं एक मॉडेल) भिंतीवरचं कॅलेंडर करताय. सी प्रोग्राम दर काही सेकंदांनी ‘पीओपन’ने (बाहेरची कमांड चालवणारं सी फंक्शन) ‘लिपक-गेट-प्रॉप’ ही किंडलची स्थिती वाचणारी कमांड चालवतो. ते सोडून थेट लायब्ररीकडे वळलात तर लिंकर (कोड आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्राम) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडतो. तुमचा प्रश्न मी असा वाचला. किंडल जेलब्रेक केलेलं (ॲमेझॉनचे निर्बंध काढलेलं) आहे आणि शेल (कमांड द्यायची जागा) मिळतंय, हे धरून लिहितो.

आधी उलटा प्रश्न: लायब्ररी हवीच आहे का? एखादी व्हॅल्यू सेट करून मोकळं व्हायचं असेल तर कमांड पुरे, त्यासाठी टूलचेन (किंडलवर चालेल असा प्रोग्राम बांधणारी साधनं) उभी करण्यात अर्थ नाही. पण तुम्ही बॅटरी आणि झोपेची स्थिती सतत विचारत बसलाय. दर वेळी नवी प्रोसेस, नवं डी-बस (प्रोसेसमध्ये संदेश पोचवणारी यंत्रणा) कनेक्शन, शिवाय सीपीयूला आराम नाही. इथे विचारणं बंद करून इव्हेंटची वाट पाहायला हवी, आणि तिथे लायब्ररी खरंच कामाला येते.

लिपक म्हणजे डी-बसवर चढवलेला ॲमेझॉनचा थर. मूळ हेडर फाइल (लायब्ररीतली फंक्शन्स कशी बोलवायची ते सांगणारी) बाहेर आलेली नाही. सगळे वापरतात ते ओपनलिपक प्रकल्पाचं हेडर लोकांनी बायनरी उलगडून लिहिलंय. म्हणून त्यातल्या शब्दावर डोळे झाकून विसंबू नका. डिव्हाइसवर ‘लिपक-प्रोब’ला ‘-ए -व्ही’ देऊन चालवा. प्रत्येक सर्व्हिसच्या प्रॉपर्टी, त्यांचा प्रकार आणि वाचता येते की लिहिता येते, हे सगळं समोर येतं. फर्मवेअर बदललं की ही यादीही बदलते.

आता लिंकिंग. डिव्हाइसच्या ‘यूएसआर/लिब’मधली लिपकची एसओ फाइल कॉपी करून ‘-एल’ने जोडली, की ती डी-बस, जीलिब वगैरे मागते आणि तुम्ही एकेक फाइल गोळा करत बसता. त्यापेक्षा ‘डीएलओपन’ आणि ‘डीएलसिम’ वापरा, म्हणजे प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडून फंक्शन शोधा. लागणारी फंक्शन्स सहा-सातच आहेत, आणि लायब्ररी नसलेल्या लॅपटॉपवरही बाकीचा कोड तपासता येतो. मला हाच रस्ता बरा वाटतो.

टूलचेनची निवड मात्र चुकवू नका. फर्मवेअर 5.16.3 पासून किंडल हार्ड-फ्लोटवर (दशांश आकडे प्रोसेसरच्या खास रजिस्टरमधून देण्याच्या पद्धतीवर) गेलं, त्याआधीची सगळी सॉफ्ट-फ्लोट. चुकीची बायनरी टाकली तर फाइल डोळ्यांसमोर असूनही शेल ‘नॉट फाउंड’ म्हणतं, कारण सापडत नाही तो तिने मागितलेला लोडर (बायनरी मेमरीत चढवणारा प्रोग्राम). कोएक्सटूलचेन या टूलचेन-संचात दोन्हींसाठी वेगळी टार्गेट आहेत.

कोडमध्ये ‘लिपकओपननोनेम’ पुरेल. स्वतःची प्रॉपर्टी इतरांना दाखवायची असेल तरच ‘लिपकओपन’ला सर्व्हिसचं नाव द्या, आणि ते दुसऱ्या कोणी घेतलेलं नसावं. आकडा वाचणं सोपं आहे: सर्व्हिस, प्रॉपर्टी, इंटचा पॉइंटर. स्ट्रिंग वाचली की ती ‘लिपकफ्रीस्ट्रिंग’नेच मोकळी करा, साध्या ‘फ्री’ने नको. प्रत्येक कॉलचा रिटर्न कोड तपासा. शून्य नसेल तर ‘लिपकगेटएररस्ट्रिंग’ वाचता येईल असं कारण सांगतं.

इव्हेंटसाठी ‘लिपकसबस्क्राइबएक्स्ट’. कॉलबॅक (इव्हेंट आल्यावर बोलावलं जाणारं तुमचं फंक्शन) तुमच्या मेनच्या थ्रेडवर येईल असं समजू नका. त्यात स्क्रीन रंगवू नका, फाइल उघडू नका. पाइपमध्ये एक बाइट लिहा आणि मेनमध्ये ‘पोल’ने त्या पाइपची वाट पाहा. कॉलबॅकमध्ये हाती आलेली स्ट्रिंग पुढे लागणार असेल तर लगेच कॉपी करून घ्या.

तुमच्या कॅलेंडरचा खरा प्रश्न झोपेचा आहे. पॉवरडी सर्व्हिस डिव्हाइसला जागेपणातून स्क्रीनसेव्हरमध्ये, तिथून ‘रेडी टू सस्पेंड’मध्ये आणि मग गाढ झोपेत नेते. बरेच जण ‘प्रिव्हेंटस्क्रीनसेव्हर’ (झोप रोखणारी प्रॉपर्टी) एकवर ठेवून मोकळे होतात आणि बॅटरी भराभर उतरते म्हणून वैतागतात. झोपू द्या त्याला. ‘रेडीटूसस्पेंड’ इव्हेंट आला की ‘आरटीसीवेकअप’मध्ये किती सेकंदांनी उठवायचं ते लिहा. हे त्याच अवस्थेत चालतं, आधी लिहिलंत तर उपयोग नाही, आणि ती खिडकी काही सेकंदांचीच असते. कमांड चालवून पोचेपर्यंत ती निसटू शकते, म्हणून लायब्ररीचा हट्ट इथे रास्त. चित्र रंगवायला वेळ कमी पडत असेल तर ‘डिफरसस्पेंड’ने झोप थोडी लांबवता येते. दिवसातून एकदा तारीख बदलायची तर मध्यरात्रीपर्यंतचे सेकंद मोजायचे, एवढंच गणित.

तरीही ‘प्रिव्हेंटस्क्रीनसेव्हर’ वापरणार असाल तर बाहेर पडताना, ‘सिगटर्म’ (बंद व्हायला सांगणारा सिग्नल) आला तरीसुद्धा, ते शून्यावर आणा. प्रोग्राम क्रॅश झाला तर लायब्ररी ते काम तुमच्यासाठी करत नाही. म्हणून प्रोग्राम एका छोट्या शेल स्क्रिप्टमधून सुरू करा आणि तो संपल्यावरच्या ओळीत ‘लिपक-सेट-प्रॉप’ ठेवा.

हे करूनही अडलं तर लिंकरचा पूर्ण संदेश, फर्मवेअरचा आकडा आणि तुमच्या बायनरीवर चालवलेल्या ‘रीडएल्फ -एल’चं आउटपुट इथे टाका. लोडर कुठला मागितलाय ते त्यात लगेच दिसतं.