ख्रिस्ती माणसानं ख्रिस्ती नसलेल्या उमेदवाराला मत द्यावं का?

द्यावं की. बिनधास्त द्यावं.

तुम्ही लिहिलंय की मंडळीतले एक वडील २ करिंथ ६:१४ काढून दाखवतात, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर संबंध जोडून विजोड होऊ नका, आणि आपला उमेदवार नसेल तर सरळ नोटा दाबा म्हणतात. मी कोल्हापूरचा, आमचं घर दोन-तीन पिढ्या चर्चमधलं, त्यामुळं असलं बोलणं मी पण ऐकलंय. पण जरा हिशोब करा की राव. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्का पण भरत नाहीत. आमच्या मशीनवर बहुतेक वेळा एक पण ख्रिस्ती नाव नसतंय.

आणि हातकणंगले विधानसभेचं काय करणार? ती सीट अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि १९५० च्या आदेशाप्रमाणं तो दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, मग १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे कागदावर धर्म ख्रिस्ती लावणारा माणूस तिथं उभाच राहू शकत नाही. मग तिथल्या विश्वासणाऱ्यांनी काय जन्मभर नोटाच दाबत बसायचं का?

वचनाचं म्हणाल तर पौल तिथं मूर्तिपूजा आणि देवाचं मंदिर याबद्दल बोलतोय, पुढच्या दोन ओळी वाचल्या तरी कळतंय. तोच पौल १ तीमथ्य २ मध्ये राजांसाठी प्रार्थना करा म्हणतो, आता त्यावेळचा रोमचा कैसर काय बाप्तिस्मा घेतलेला होता? नहेम्याचं बघा, यरुशलेमचा कोट बांधायचा होता तर त्यानं अर्तहशश्त राजाकडनं, म्हणजे पारसाच्या परक्या राजाकडनं, राजाच्या रानातल्या लाकडासाठी वनाधिकारी आसाफच्या नावानं पत्र मागून घेतलं. पत्र मागताना राजाचा धर्म विचारत बसला नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो निर्गम १८. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांची भांडणं सोडवत बसलेला, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, की असं करून तू दमशील, लायक माणसं निवड, देवाचं भय धरणारी, खरी, आणि लाचेचा तिटकारा असणारी. आता हा इथ्रो कोण, तर मिद्यानाचा याजक, इस्राएलातला नव्हेच. म्हणजे पुढारी कसा निवडावा हा धडाच बाहेरच्या माणसानं दिलाय आणि मोशेनं तो मुकाट ऐकलाय! आता वडील म्हणतील त्यात देवाचं भय पण लिहिलंय की, तर हो, लिहिलंय, पण मोशे आपल्याच लोकांवर न्यायाधीश नेमत होता, आपण गटार, पाणी आणि रस्ता बघणारा माणूस निवडतोय. आणि लाचेवरनं बघायला लागलो तर 'आपला' म्हणवणारे किती टिकतात ते तुम्हीच सांगा. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत पाकीट वाटणारा उद्या ख्रिस्ती निघाला म्हणून काय त्याचं पाकीट पवित्र होतंय?

आमच्याकडं एका नाताळात एक इच्छुक उपासना चालू असतानाच आत आला, शाल घेतली, केक कापला आणि कंपाउंडला पेव्हिंग ब्लॉक देतो म्हणून माईकवरनं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. दफनभूमीतली जागा संपत आलीय, त्याचं काय, हे कुणीच विचारलं नाही. मला वाटतं उमेदवार दारात आला की विचारायचा प्रश्न तो आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला माणूस मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत कुणी का असेना. (वर चर्चमध्ये असला प्रचार १९८८ च्या कायद्यात बसत पण नाही, धर्मस्थळ राजकारणासाठी वापरायला त्यात बंदी आहे.)

पाळकसाहेब वेदीवरनं नाव घेऊन सांगायला लागले तर त्यांना पण हळूच आठवण करून द्या. २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या सात जजेसनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिलाय, की उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं कुणी मतदाराच्या धर्माच्या नावावर मत मागितलं तरी तो भ्रष्ट आचार, निवडणूक रद्द होऊ शकते. आपल्याच महाराष्ट्रातली केस होती ती.

आणि ख्रिस्त्यांनी फक्त ख्रिस्त्याला मत द्यायचं, हे एकदा करून झालंय. १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश मुलखात आपल्याला वेगळे मतदारसंघच होते, आमचं कोल्हापूर संस्थान असल्यामुळं त्यात नव्हतं एवढंच. घटना समितीत ते सोडून द्यावं म्हणणाऱ्यांत आपलेच हरेंद्रकुमार मुखर्जी होते, समितीचे उपाध्यक्ष.

राहिला नोटा. उमेदवार सगळेच नालायक वाटले तर जरूर दाबा, तुमचा हक्क आहे. पण विधानसभेला, लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतोच, हे त्या वडिलांना सांगा, आणि मग विचारा की तो कोण असावा हे ठरवायचं काम आपण शेजाऱ्यांवर का सोडायचं.