टाइमटेबल टिकत नाही, वाचलेलं राहत नाही

प्रश्न : ताई, मी दहावीला आहे, सेमी इंग्लिश. शाळा सुटून एसटीने घरी यायला सहा वाजतात, त्यात आठवड्यातून तीन दिवस क्लास. दर रविवारी नवीन टाइमटेबल करते, स्केचपेनने रंगवते पण, मंगळवारपर्यंत त्याचे बारा वाजलेले असतात. इतिहास तीनदा वाचला तरी चाचणीत काहीच आठवलं नाही. आई म्हणते पहाटे चारला ऊठ. काय करू?
– एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : अगं, आधी ते रंगवणं बंद कर, त्यात अर्धा रविवार जातो आणि अभ्यास केल्याचं समाधान फुकटात मिळतं. तू टाइमटेबलमध्ये तास लिहितेस ना, '७ ते ८ भूमिती' वगैरे? मग एसटी लेट झाली नाहीतर पाहुणे टपकले की पुढचं सगळंच कोलमडतं. तासांऐवजी काम लिही, 'समरूपता, सरावसंच १.२' असं. रोजची दोन-तीन कामं पुरे, आणि रविवारी काहीच लावू नको, राहिलेलं तेव्हा उरकायचं.

आता इतिहासाचं. दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं झालं पाठ, पण पेपरमध्ये पुस्तक समोर नसतं गं, तिथे आतून काढावं लागतं, आणि त्याची प्रॅक्टिस तू केलेलीच नाहीस. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं, काही विद्यार्थ्यांना उतारा परत परत वाचायला दिला, काहींना तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे! बोर्डाचा पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

म्हणून धडा एकदाच नीट वाच, पुस्तक मिटव, रफ वहीत आठवेल तसं लिही, मुद्दे चालतील, अक्षर कसंही असू दे. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनने भर. दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या तेच मनातल्या मनात आठव, चार-पाच दिवसांनी परत एकदा. सुरुवातीला पान जवळजवळ कोरंच राहतं आणि रडू येतं, तरी सोडू नको. सायन्सची 'शास्त्रीय कारणे लिहा' अशीच करायची, गणितात सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवायचं. आणि इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, हे मार्क मुलं उगाच शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. दोन तासांचा पेपर घरी घड्याळ लावून लिहायला दिवाळीनंतर लाग, प्रिलिमची वाट बघू नको.

आईला सांग, दहाला झोपून पाचला उठेन. झोप तोडून केलेलं पाठांतर टिकत नाही, वर्गात डुलक्या येतात ते वेगळंच.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवर येतात म्हणून मोबाइल सोडतच नाही. काढून घेऊ का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नका हो, रोजची संध्याकाळ भांडणात जाईल. नोट्सची झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा, पाठ्यपुस्तकं तर आहेतच. अभ्यासाच्या वेळी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायचा. मध्येच काही अडलं तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं आणि जेवण झाल्यावर ग्रुपवर एकदमच विचारायचं.