आकडे आले, नावं कुठे गेली?

प्रश्न : रविवार पेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. 1996 पासून उधारीचा हिशेब फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या एका प्रोग्रामवर आहे. जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्या विंडोज 11 वर प्रोग्राम उघडेना. भाच्याने डॉसबॉक्स टाकून तो सुरू केला. आकडे बरोबर येतात, पण गिऱ्हाइकांच्या मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. प्रोग्राम लिहिणारे आता हयात नाहीत. सगळं नव्याने लिहून घ्यायचं का?

— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : ताई, नावं गेलेली नाहीत. कृपा करून एकही नाव पुन्हा टाइप करायला घेऊ नका.

विंडोज 11 फक्त 64-बिटमध्येच येते, आणि 64-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा भागच नसतो. डॉसबॉक्स त्या प्रोग्रामपुढे अख्खा जुना पीसी उभा करतो. प्रोसेसर, डिस्क, कीबोर्ड, पडदा, सगळं सॉफ्टवेअरचं. प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नाही. भाच्याने योग्य तेच केलं.

पण तुमच्या जुन्या मशीनमध्ये बहुधा आणखी एक वस्तू होती : आपल्या पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड. डॉसला देवनागरी येत नसे, ती या कार्डामुळे दिसायची. तापकीर गल्लीत काम करताना मी अशी कार्डं बसवली आहेत. पडद्यावर पहिला ‘श्री’ उमटला की दुकानातली माणसं हातातलं काम टाकून बघायला यायची. डॉसबॉक्स साध्या पीसीची नक्कल करतो, या कार्डाची नाही. आणि खरं कार्ड नव्या मदरबोर्डात बसत नाही, त्याला लागणारी आयएसए नावाची जुन्या पद्धतीची खाच आता नसते.

फाइलमध्ये मात्र अक्षरांचे क्रमांक जसेच्या तसे आहेत. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं 1991 चं प्रमाण. त्यानुसार एकूण 256 क्रमांकांपैकी इंग्रजीचे खालच्या 128 मध्ये, आपल्या लिपीचे वरच्या 128 मध्ये. कार्ड नसलं की डॉस त्या वरच्या क्रमांकांवर स्वतःची चिन्हं दाखवतो, एवढंच.

आधी प्रोग्रामचं पूर्ण फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा. नुसत्या डीबीएफ फाइली, म्हणजे नोंदींचे तक्ते, नकोत; लांब मजकूर साठवणाऱ्या त्याच नावाच्या एफपीटी फाइलीही हव्यात. एकदा मी त्या विसरलो आणि एका गृहस्थांचे सगळे पत्ते मागेच राहिले. नशिबाने जुनी डिस्क पुसली नव्हती. मग कॉपीतला नावाचा रकाना युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे कॉम्प्युटर वापरतात त्या अक्षर-क्रमांकांत, बदलणारी छोटी स्क्रिप्ट भाच्याला लिहू द्या. पीसीवर इस्कीचा थोडा वेगळा तक्ताही वापरात होता, म्हणून ओळखीची दहा नावं आधी ताडून बघा. डॉसबॉक्सच्या पडद्यावर नावांच्या जागी तरीही चिन्हंच दिसतील, म्हणून खातेक्रमांक आणि नाव अशी यादी छापून गल्ल्याजवळ ठेवा, नोंदी क्रमांकावर चालू द्या. बिलं छापायला साध्या डॉसबॉक्सपेक्षा डॉसबॉक्स-एक्स घ्या, त्यात प्रिंटरची सोय आहे.

जुनं मशीन इतक्यात भंगारात देऊ नका. पुष्कळदा फक्त पॉवर सप्लाय गेलेला असतो. तो बदलून पडदा एकदा जरी उजळला, तरी नावं त्यावरून पडताळता येतील.