हायड्रोजनमध्ये पोलादातील भेग वेगाने का वाढते?

प्रश्न : नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळून तो पाइपलाइनमधून नेण्याचे प्रयोग चालू आहेत. हायड्रोजनमध्ये पोलादाची ताणशक्ती फारशी घटत नाही, असे वाचनात आले. मग त्याच पोलादातील भेग मात्र वेगाने वाढते, हे कसे? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाइपलाइनच्या पोलादाचा नमुना ओढून तोडला, तर हायड्रोजनमध्येही त्याची ताणशक्ती जवळपास तेवढीच भरते. फक्त तुटण्यापूर्वी तो जेवढा ताणून बारीक व्हायला हवा तेवढा होत नाही. पण पाइपलाइन अशी एका ओढीत तुटत नसते. मागणीनुसार तिच्यातील दाब चढतो-उतरतो आणि वेल्डच्या जोडात राहून गेलेली बारीक भेग प्रत्येक चढउतारागणिक किंचित पुढे सरकते. यालाच फटीग म्हणतात.

हायड्रोजन आपले काम साधतो तो भेगेच्या टोकाशी. एरवी पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो हायड्रोजनला बऱ्याच अंशी थोपवतो. पण दाब चढून भेग उघडली की टोकाशी कोरा धातू उघडा पडतो, त्यावर हायड्रोजनच्या रेणूंचे अणू सुटे होतात आणि हे चिमुकले अणू धातूत शिरून, जिथे ताण सर्वाधिक असतो त्या टोकापुढच्या भागात गोळा होतात. तिथे ते लोखंडाच्या अणूंमधील बंध दुबळे करतात की धातूतील घसरण (अणूंचे थर एकमेकांवरून सरकणे) एकाच जागी एकवटवतात, हा संशोधकांमधील जुना वाद आहे. माझ्या मते दोन्ही कमीअधिक प्रमाणात घडत असावे. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. दाबाखालील हायड्रोजनमध्ये भेग दाबाच्या दर चक्रामागे, म्हणजे एका चढउतारामागे, हवेतल्यापेक्षा दहापट किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. चढउतार अगदी लहान असेल, तर हा फरक बराच कमी होतो. उलट, चक्र जितके संथ, तितका अणूंना आत शिरायला वेळ अधिक. म्हणून घाईने उरकलेल्या चाचणीचे आकडे दिलासादायक, पण फसवे असतात.

सुरतजवळील कवास येथे २०२३ पासून घरगुती वायूत हायड्रोजन मिसळला जात आहे. मात्र शहरी वितरणाचे बरेचसे नळ पॉलिइथिलीनचे असतात आणि त्यांना हा रोग नाही. काळजी आहे ती लांब पल्ल्याच्या पोलादी वाहिन्यांची. तिथे टक्केवारी कमी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण महत्त्व हायड्रोजनच्या अंशदाबाला असते : ७० बार दाबाच्या वायूत १० टक्के हायड्रोजन म्हणजे ७ बार हायड्रोजन, आणि भेगेचा वेग वाढवायला तेवढा पुरतो. तेव्हा जुनी वाहिनी वापरायची असेल, तर आधी तिच्यातील भेगा मोजाव्या लागतात आणि मग दाबाच्या रोजच्या चढउतारावर मर्यादा घालावी लागते.