विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर जमत नसेल तर बुद्धाची शिकवण रोजच्या जगण्यात आणता येते का?

येते. नोकरी आणि घर सोडून दहा दिवस जाता येत नाही म्हणून तुम्ही खंत करताय, ती सोडा. "शिबिर केल्याशिवाय धम्म कळत नाही" हे माझ्या नणंदेनं मला चार माणसांत ऐकवलंय. म्हणून लिहायला बसले.

मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याआधी पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती, त्यावरून गल्लीत काय चालत असेल ते समजा.

आमच्या गल्लीनं ठरवलं होतं, घरामागं दोन बॅरल. मी तिसरं लावलं. मागं दोन गल्ल्या सोडून राहणारी एक बाई उभी होती, कडेवर लेकरू, हातात दोन घागरी. लेकराचे ओठ फुटलेले, त्यावर खोबरेल लावलेलं. तिनं विचारलं, "ताई, ते निळं कुणाचं हो?" मी म्हटलं, "सासूबाईंचं. त्यांची चूल वेगळीय." सासूबाई आमच्यातच जेवायच्या. ती काही बोलली नाही.

टँकरचा पाईप निळ्या बॅरलात सोडला. रिकाम्या बॅरलात पाणी पडताना घुमतं, आणि ते ऐकताना माझी कानशिलं तापली. आदल्या संध्याकाळी विहारात मी मोठ्यानं म्हटलं होतं, "अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि." जे दिलेलं नाही ते घेणार नाही. आणि वर खोटं बोलले, म्हणजे पंचशीलातलं चौथं, खोटं न बोलण्याचं शीलही गेलं. मी पाईप उचलून तिच्या घागरीत सोडला. टँकरवाला ओरडला, "बाई, अर्धंच झालंय!" होऊ दे म्हटलं.

ती कानशिलं तापली ना, बुद्ध जिला वेदना म्हणतो ती हीच; दुखणं नव्हे, अंगात उमटणारी जाणीव. हात पुढं जायच्या आधी अंगात काहीतरी होतं, तेवढं ओळखायचं. त्याला वेगळा वेळ लागत नाही, पाईप हातात असतानाच होतं ते. तुमचं रोज जिथं कुणाशी वाजतं ती एकच जागा धरा, मग ते ऑफिस असो की पार्किंग, आणि तिथं स्वतःकडं बघा. सकाळी अर्धा तास डोळे मिटून दिवसभर हाताखालच्या माणसावर खेकसणारे मी पाहिलेत.

नणंद म्हणाली होती, "वैनी, तुमचं नुसतं पाठांतर आहे." 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' तिच्या घरी काचेच्या कपाटात आहे. बाबासाहेबांच्या त्या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून त्याच्या कुळाचं, शाक्यांचं, शेजारच्या कोलियांशी भांडण पेटलं, शाक्य संघानं युद्ध ठरवलं, त्यानं विरोध केला, आणि तिथून पुढं त्याला घर सोडावं लागलं. पाण्याचं भांडण होतं ते! आमच्या गल्लीसारखंच.

शिबिर वाईट आहे असं नाही. थोरल्या भाऊजींची दारू शिबिराहून आल्यावरच सुटली, ते मी नाकारत नाही. मन फारच बिघडलेलं असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठा, मग शिबिराचं बघा. आणि स्वतःकडं बघणं म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. जातीवरून कुणी रांगेतून काढलं, तर राग ओळखा आणि सरळ पोलीस ठाण्यात जा. याच मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून, नामांतरासाठी, १९७८ ते १९९४, सोळा वर्षं माणसं लढली.

आषाढी पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं ग्रंथवाचन सुरू होईल. रोहिणीचं प्रकरण मी मागून घेतलंय. नणंदेला फोन करून ये म्हटलं. "बघते," म्हणाली.