कोथिंबीर उगवत नाही म्हणता?

ताई, अख्खे धने टोचले असतील तुम्ही. एका धन्यात दोन बिया असतात. गोणपाटावर पसरून चपलेने हलकेच रगडा, दोन फाका व्हायला हव्यात, भुगा नको. मग रात्रभर पाण्यात भिजवून, निथळून, अर्धा इंच खोल पेरा. आठ-दहा दिवस काही दिसणार नाही. उकरून बघू नका! मी पहिल्या वर्षी रोज उकरायचो, मोडच तुटले.

रोप उपटून दुसरीकडे लावू नका, मानवत नाही. आपल्या जळगावच्या मे महिन्यात तर नादच सोडा, सावली केली तरी लगेच तुरे येतात. दिवाळीनंतर पेरा, भरिताच्या वांग्यांसोबत घरची कोथिंबीर हाताशी येईल. बाजारचे धने चालतात, फक्त जुनाट नकोत.