चाल आवडली, शब्द कळेनात

प्रश्न : आम्ही दोघी मावसबहिणी, अमळनेरच्या. अहिराणी पॉपचा सात गाण्यांचा अल्बम काढला. चाली लोकांना आवडल्या, पण शब्द कळत नाहीत, आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो म्हणतात. पुन्हा मिक्स केलं तर सुधारेल का?

उत्तर : शब्दांचं सुधारेल, डब्याचं नाही. दोघी एकदमच गायलात ना? मग एकीचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोचतो आणि ट्रॅक एकत्र केले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. तेवढी गाणी पुन्हा, वेगवेगळी गा. सोबतच गायचं असेल तर तोंड ते माइक २० सेंटिमीटर, दोन माइकांत किमान ६०. पाठीमागे गोधडी टांगा, कूलर बंद. (मे महिन्यात जिवावर येईल, पहाटे उरका.)

शब्द बुडतात ते कीबोर्डखाली. त्याचा २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा २-३ डेसिबलने उतरवा; व्यंजनांची धार तिथेच असते. ढोलाला हात लावू नका, अहिराणी गाण्यात तो हवाच.

मास्टर (गाण्याची शेवटची तयार प्रत) मात्र आवाज ठोकून मोठा करू नका. स्पॉटिफाय तो साधारण उणे १४ एलयूएफएसवर (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) आणून ठेवतं; मग चेपलेला ढोल तेवढा ऐकू येतो.